आधी प्लगपॉइंट, मग पाहुणे: मुंबईतल्या फॅन कन्व्हेन्शनच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई-ठाणे परिसरात कॉमिक्स, गेमिंग आणि ॲनिमेची कन्व्हेन्शन भरवणारे सर्व आयोजक

विषय: प्रॉपची (वेशाबरोबरच्या नकली हत्यारांची वगैरे) तपासणी, दुरुस्तीचा कोपरा, कॉस्प्लेचं (गेम-चित्रपटांतल्या पात्रांच्या वेशांचं) परीक्षण, गेमच्या स्पर्धा आणि चित्रकारांची टेबलं यांबाबत.

सप्रेम नमस्कार.

पुढच्या मोसमाची पोस्टरं छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून ते आत्ता लिहितो आहोत. पाहुणे कोण, तिकीट किती, तिकिटाबरोबरच्या खोक्यात पोस्टर की कीचेन, यावर आमचं भांडण नाही. तो तुमचा धंदा आहे आणि तुम्हाला तो कळतो. आमचं म्हणणं हॉलच्या जमिनीवर काय चालतं त्याबद्दल आहे. माणूस पाहुण्याच्या नावावर तिकीट काढतो. पाहुणा चाळीस मिनिटं बोलून निघून जातो. उरलेले सात तास तो माणूस कॉस्प्ले बघत, अनोळखी पोराशी टेक्केन या मारामारीच्या गेमचे दोन डाव खेळत, टेबलांवरची चित्रं चाळत काढतो. ते सात तास हौशी लोक भरून काढतात, आणि बहुतेक पदरमोड करून. त्यांचं घोडं अडतं ते मात्र अगदी बारक्या गोष्टींपाशी: प्लगपॉइंट, आरसा, वजनकाटा, दहा मिनिटं.

दारापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि जीव तिथेच जातो.

नियमावलीत साधारण एक ओळ असते: धारदार, धातूची किंवा धोकादायक दिसणारी वस्तू आणू नये. पहिल्या दोन अटी बरोबर आहेत. तिसरी म्हणजे दारावरच्या रक्षकाच्या मर्जीवर सोडलेला कारभार. उदाहरण ताज्या गेमचं घेऊ. २०२५च्या ४ सप्टेंबरला ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आला, साडेसहा वर्षं वाट बघायला लावून. त्यातली नायिका हॉर्नेट, तिचा वेश नवशिक्यालाही जमेल असा आहे: लाल झगा, पांढरा शिंगांचा मुखवटा आणि जवळजवळ तिच्याएवढीच लांब सुई. पाच फुटी सुई नीट करायची तर मधे पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे सव्वादोन-सव्वादोन फुटांचे दोन तुकडे घेतात आणि ते कपलरने जोडतात. कपलरला एका बाजूला सोल्यूशन लावायचं, दुसऱ्या बाजूला फक्त एक स्क्रू, म्हणजे लोकलमध्ये सुई दोन तुकड्यांत नेता येते. पाइपच्या दोन्ही बाजूंनी १० मिलिमीटरचा ईव्हीए नावाचा लवचिक फोम, आतून पाइपच्या मापाची खाच कोरलेली. चिकटवायला चपलांना लावतात तो पिवळसर एसआर गम. तो दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. एकदा दाबला की सरकवता येत नाही, त्यामुळे मधली रेघ आधी पेनाने आखून घ्यावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोकाकडच्या सहा इंचांत पाइप घालायचाच नाही, तिथे नुसता फोम. कुणाला लागली तर सुई वाकेल, माणसाला काही होणार नाही. वजन किलोच्या आत.

ही सुई दारावर अडते, कारण ती पाच फुटी आहे. आणि तिच्या मागच्या रांगेतला थ्री-डी प्रिंटरवर काढलेला फूटभर खंजीर आरामात आत जातो, कारण तो लहान आहे. पण तो पीएलए प्लास्टिकचा आहे, पाती घासून घासून दोन मिलिमीटरवर आणलेली आहे, गर्दीत पडला तर तुटून त्याची कपची उडते. धोका लांबीत नसतो. आत काय घातलंय, कड किती पातळ आहे आणि वजन किती आहे, यात असतो.

म्हणून तपासणी अशी करा. वस्तूचं टोक टेबलावर टेकवून हाताने दाबायचं: वाकलं तर पास, ताठ राहिलं तर टोकावर फोमची टोपी चढवायला सांगायचं. कडेवरून अंगठा फिरवायचा: कड पाच मिलिमीटरपेक्षा पातळ आणि कडक असेल तर नापास. बॅगा तोलायचा हुकवाला काटा दीड-दोनशे रुपयांत मिळतो, त्यावर वस्तू अडकवायची: दोन किलोच्या वर असेल तर फोटोपुरती, हॉलभर मिरवायची नाही. धनुष्याची दोरी सैल इलॅस्टिकची हवी, म्हणजे बाणाला जोर मिळत नाही. बंदुकीच्या नळीच्या तोंडाला इंचभर नारिंगी रंग. डार्ट मारणारी खेळण्यातली बंदूक असेल तर आतली स्प्रिंग काढलेली. पास झालेल्या वस्तूला रंगीत केबल टाय: हिरवा म्हणजे मोकळी, पिवळा म्हणजे फक्त फोटोला. एका वस्तूला चाळीस सेकंद पुरतात. चार टेबलं लावली तर तीनशे वस्तू पन्नास मिनिटांत होतात. एकाच टेबलावर त्यालाच तीन तास वीस मिनिटं लागतात, आणि बाहेर उन्हात रांग वितळत असते.

एक गोष्ट कडक शब्दांत लिहितो. ‘छावा’ चित्रपट २०२५च्या फेब्रुवारीत आल्यापासून मावळ्याचा वेश करायची हौस वाढली आहे. चांगलंच आहे. पण खरा दांडपट्टा, खरी तलवार, मग ती घराण्यातली असो नाहीतर बोथट केलेली असो, आत येता कामा नये, आणि इथे भावनेचा प्रश्न करू नये. पट्ट्याचं पातं लवचिक असतं, म्हणूनच गर्दीत ते सगळ्यात वाईट. मधे प्लास्टिकची पातळ पट्टी आणि दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरचा फोम असा पट्टा लवतोही छान, आणि कोपरापर्यंतची मूठ १० मिलिमीटरच्या फोमला हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तापवून गुडघ्यावर वळवली की होते.

आणि हे नियम इंग्रजी पीडीएफच्या चौदाव्या पानावर ठेवून उपयोग नाही. दारावर उभी राहणारी माणसं दरवेळी वेगळ्या एजन्सीची असतात, त्यांना सकाळी दहा मिनिटांत समजेल असं काहीतरी हवं. ए-थ्री आकाराचा लॅमिनेट केलेला एक कागद, मराठीत आणि हिंदीत, ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ अशा दोन रकान्यांत फोटो असलेला. शंभर रुपयांचं काम आहे.

प्रवासाचंही थोडं. गोरेगावच्या हॉलला राममंदिर स्टेशन सगळ्यात जवळ, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुमची कॉस्प्ले स्पर्धा हटकून रविवारी असते आणि नोंदणी बाराला बंद होते. बहुतेक रविवारी मध्य नाहीतर हार्बर मार्गावर सकाळी अकराच्या सुमारास मेगाब्लॉक सुरू होतो. कल्याणहून किंवा पनवेलहून पंखांची जोडी घेऊन निघालेल्या माणसाला साडेआठची गाडी धरावी लागते, आणि मेकअप त्याच्याही आधी. नोंदणी दीडपर्यंत ठेवा, किंवा स्पर्धा शनिवारी घ्या.

आता दुरुस्तीचा कोपरा. तो तुमच्या नकाशावर असतो, पण तिथे एक टेबल, एक पाटी आणि सेल्फीची चौकट सापडते. दुरुस्तीला लागते ती वीज, आणि ती मोजून मागावी लागते. साधी हीट गन १८०० वॅटची असते, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास आठ अँपियर. एक्स्टेंशन बोर्डावरचा छोटा प्लग सहा अँपियरचा. त्यावर हीट गन लावली की पाच मिनिटांत प्लग तापतो, नाहीतर फ्यूज उडून शेजारच्या स्टॉलचा बिलिंगचा संगणक बंद पडतो आणि दोष कॉस्प्लेयरवर येतो. कंत्राटदाराकडे दोन १६ अँपियरचे पॉइंट मागा, दोन वेगवेगळ्या एमसीबीवरचे, आणि प्रत्येकावर एकच हीट गन. गोंदाची कांडी वितळवणाऱ्या ग्लू गन ६० ते १०० वॅटच्या, त्या साध्या बोर्डावर चार चालतात. कांड्या दोन्ही मापांच्या ठेवा, ७ आणि ११ मिलिमीटर, कारण हमखास एकच माप आणलेलं असतं आणि गन दुसऱ्या मापाची.

त्या टेबलावर एसआर गम मात्र ठेवू नका. आपल्यातल्याच काहींना हे पटणार नाही, पण त्यातलं सॉल्व्हंट पेट घेतं, आणि शेजारी हीट गन चालू. शिवाय बंद हॉलमध्ये त्याचा वास तासाभरात डोक्यात जातो. दिवस काढायला ग्लू गन, सुपरग्लू आणि कापडी टेप पुरेत. सुपरग्लूने फोमचा सांधा कडक होतो आणि वाकवला की तडकतो, पण संध्याकाळपर्यंत टिकतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. याखेरीज वेल्क्रो, मोठ्या सेफ्टी पिना, काळा-पांढरा दोरा, सुया, केबल टाय, पक्कड. मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत सगळं मिळतं.

मुंबईच्या हवेबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण वेशांचं काय होतं ते सांगायला हवं. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेलं शिरस्त्राण दोन तासांत एका बाजूला झुकतं. ग्लू गनचे सांधेही उन्हात सुटतात. त्यामुळे कॉस्प्लेयरला पार्किंगपेक्षा आतली सामान ठेवायची जागा जास्त महत्त्वाची. मोठं सामान ठेवायचा काउंटर असतो तो बॅकपॅकच्या मापाचा. सहा फूट बाय तीन फुटांचे चार कप्पे केले तरी पंखवाल्यांची सोय होते.

दिव्यांच्या वेशांसाठी चार्जिंगची जागा मागितली की ‘पॉवर बँक आणा’ असं उत्तर मिळतं. पॉवर बँक असते, अडचण वेगळी आहे. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या रंगीत पट्टीतला एकेक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलिअँपियरपर्यंत घेतो. साठ दिव्यांची पट्टी झाली ३.६ अँपियरची. पॉवर बँक देते दोन-सव्वादोन, मग ती स्वतःला बंद करून घेते, आणि माणूस स्टेजवर अंधारात उभा. हा बनवणाऱ्याचा दोष. उजेड तीस-चाळीस टक्क्यांवर आणला की सुटतो. पण तो तिथल्या तिथे सुधारायला लॅपटॉप टेकवायला हातभर जागा आणि एक प्लग लागतो. तेवढं द्या.

कपडे बदलायच्या खोलीत आरसे हवेत, कपडे अडकवायला दांडी हवी, खाली चटई हवी. आणि हात नसलेली स्टुलं, कारण चिलखत घातलेला माणूस खुर्चीत मावत नाही. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा आणि कडेला पांढरी टेप. शिरस्त्राणाच्या फटीतून पायाखालचं दिसत नाही, त्यात समोरून लाइट मारलेला असतो. प्रत्येक स्पर्धकाबरोबर एका मदतनीसाला फुकट पास द्या.

परीक्षणाकडे वळू. आमच्यातल्या आमच्यात सर्वात जास्त वाद याच्यावर होतात, म्हणून जरा सविस्तर.

स्टेजवर तीस सेकंद बघून कारागिरी कळत नाही. स्टेजवर आकार कळतो. म्हणून सहा फुटी चिलखत जिंकतं आणि शिवणकाम हरतं. आणखी एक गेम घ्या, ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’. फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या एका छोट्या स्टुडिओने बनवला आणि ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये २०२५चा सर्वोत्तम गेम ठरला. त्यातले मोहिमेचे गडद, सोनेरी किनारीचे गणवेश एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडच्या फ्रान्सवरून घेतलेले आहेत. असा कोट शिवायचा म्हणजे छातीला कॅनव्हास, कॉलरला बक्रम, वेगळं अस्तर, पाइपिंग, आणि बाही खांद्यात बसवताना एकही चुणी न येऊ देणं. दादरच्या चांगल्या शिंप्यालाही ते एका बैठकीत जमणार नाही. लांबून मात्र तो ‘एक कोट’ दिसतो. शेजारच्या विकतच्या फोमच्या चिलखतावर शिट्ट्या पडतात.

हाओरीचं, म्हणजे जपानी सैल झग्याचं, तेच. ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमे चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ला आपल्याकडे लागला आणि त्यातल्या तांजिरोचा हिरवा-काळा चौकडा, गियूचा अर्धा-अर्धा झगा, शिनोबूचे फुलपाखराचे पंख यांचं पीक आलं. यात हरकत काहीच नाही, सोपा आणि हवेशीर वेश आहे, मुंबईला मानवणारा. पण छापील पॉलिएस्टरचा विकत घेतलेला चौकडा आणि चौकोन कापून जोडलेला सुती चौकडा यांत फरक आहे, आणि तो हातात घेतल्याशिवाय दिसत नाही. सात सेंटिमीटरचे चौकोन जोडताना प्रत्येक शिवण दोन मिलिमीटर चुकली, की दहा शिवणींनंतर दोन सेंटिमीटरचा घोळ होतो. पाठीच्या मधल्या शिवणीवर चौकोन जुळतात का बघायचं, मग खांद्यावर, मग बाहीपाशी. छापील कापड असेल तर स्टेजच्या लाइटखाली चकाकतं. परीक्षकाने कपडा उलटा करून आतली शिवण बघितली पाहिजे. नऊवारीतल्या पात्राला ‘शिवलेली की नेसलेली’ हे विचारलं पाहिजे, आणि कासोटा बघून स्वतःलाच कळलं तर उत्तम.

याला वेळ लागतो. हिशोब सरळ आहे. साठ स्पर्धक, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एका चमूला पाच तास. तुम्ही त्याला दीड तास ठेवता. मग परीक्षक एकेकाला नव्वद सेकंद देतात आणि फोटो काढून पुढे जातात. कारागिरीच्या गटात चाळीसच नावं घ्या, प्रत्येकी चार मिनिटं द्या, दोन तास चाळीस मिनिटांत होतं. स्टेजवरच्या अभिनयाचा गट वेगळा ठेवा, तिथे विकतचा वेशही चालू द्या. अर्जासोबत बनवतानाचे पाच फोटो मागा. आणि परीक्षकांत एक तरी असा असावा ज्याने आयुष्यात काज केलं आहे. इन्स्टाग्रामवर लाखभर लोक असणं ही काही काज करण्याची पात्रता नव्हे.

त्याच शुक्रवारी, १२ सप्टेंबरलाच, ‘दशावतार’ हा मराठी चित्रपटही लागला होता. एकाच मल्टिप्लेक्समध्ये एका पडद्यावर दिलीप प्रभावळकर आणि शेजारच्यावर जपानी राक्षस. जपानी चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत बोलला, मराठीत नाही, आणि त्यावर आम्ही अश्रू ढाळत बसणार नाही. दुसरी एक गोष्ट जास्त खुपते. तळकोकणातला दशावतारी स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, पेटाऱ्यातून स्वतःचा साज काढतो आणि रात्रभर उभा राहतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले (देवादिकांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातले) मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात, हलके, आणि पिढ्यानुपिढ्या टिकवलेले. आम्ही ज्याला कॉस्प्ले म्हणतो ते बहुरूप्याच्या या देशात नवीन नाही. तुमच्या कार्यशाळांत मात्र तीच ती ‘फोमची तोंडओळख’ असते, इंग्रजीत, पंचेचाळीस मिनिटांची, आणि समोर बसलेल्या अर्ध्या लोकांना फोम तुमच्या वक्त्याहून जास्त कळतो. त्या ऐवजी एका दशावतारी कलाकाराला बोलवा. कॅमेरा बंद, स्पीकर बंद, नुसता आरसा समोर ठेवून त्याला तोंड रंगवू द्या आणि घामाने रंग ओघळू नये म्हणून तो काय करतो ते विचारा. हे एप्रिलच्या मुंबईत आमच्या कामाचं आहे. बोहाड्याचा मुखवटा बनवणारा आला तर आणखी उत्तम, आणि मानधन युट्यूबरला देता तेवढंच द्या.

गेमिंगच्या भागात आवाज भरपूर असतो, खेळ कमी. त्यातही फायटिंग गेमच्या स्पर्धांचं वेळापत्रक कोण आखतं, हे एकदा कळायला हवं. दोन पराभवांनी बाद होण्याची पद्धत असेल तर बत्तीस खेळाडूंना ६२ सामने लागतात, तोवर न हरलेला खेळाडू अंतिम सामन्यात हरला तर ६३. टेक्केन ८ चा तीनपैकी दोनचा सामना, खेळाडू बसणं, बटणं लावणं, उठणं धरून दहा मिनिटांचा. चार मशिनांवर कागदावर दोन तास पस्तीस मिनिटं येतात, प्रत्यक्षात साडेतीन, कारण शेवटचे सामने एकामागून एकच होऊ शकतात, तीन मशिनं तेव्हा रिकामी असतात. चौसष्ट जण घेतले तर १२६ सामने, म्हणजे चार मशिनांवर सव्वापाच तास नुसते कागदावर. तुम्ही चौसष्टची नोंदणी घेता, दुपारी दोनला सुरू करता आणि हॉल आठला बंद होतो. मग उपांत्य फेरीपासून ‘एकच डाव’ असा नियम ऐनवेळी येतो. चौसष्ट घ्यायचे तर मशिनं आठ लावा, नाहीतर प्राथमिक गट शनिवारी उरका. नाव पुकारल्यावर पाच मिनिटांत आला नाही तर बाद, हा नियम आधी जाहीर करा आणि मित्रासाठीही मोडू नका.

पडदे हा दुसरा घोळ. प्रायोजकाचा ५५ इंची टीव्ही दिसायला भारी असतो. पण गेम सेकंदाला साठ फ्रेमने, म्हणजे साठ चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. गेम मोड (चित्र लगेच दाखवणारी सेटिंग) बंद असलेला टीव्ही चित्र दाखवायला सहज शंभर मिलिसेकंद उशीर करतो, म्हणजे सहा फ्रेम. बघून अडवता येईल अशी पायात मारलेली सावकाश लाथ पंचवीस-एक फ्रेमची. त्यातल्या सहा टीव्हीने गिळल्या तर उरतात एकोणीस, म्हणजे सव्वातीनशेच्याही आत मिलिसेकंद, आणि त्यातच बघायचं, ओळखायचं आणि हात हलवायचा. मग जो आंधळेपणाने मारत सुटतो तोच जिंकतो. २४ इंची साधा गेमिंग मॉनिटर लावा, आणि टीव्हीच लावायचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केलाय का ते स्वतः बघा. सगळी मशिनं एकाच मॉडेलच्या पडद्यांवर असली पाहिजेत, हे तर सांगायलाच नको.

प्लेस्टेशनवर वायरलेस कंट्रोलर आले की आणखी एक गंमत होते. हरलेला खेळाडू केबल काढून उठतो, कंट्रोलर मात्र त्या मशिनशी जोडलेलाच राहतो. तो मागे उभा राहून चुकून मधलं बटण दाबतो आणि चालू सामना थांबतो. थांबवणाऱ्याने डाव गमावायचा असा नियम आहे, पण थांबवलं कुणी? पीएस ५ च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसरीज, मग कंट्रोलर, तिथे संपर्काची पद्धत यूएसबी केबल अशी निवडायची, सकाळीच, प्रत्येक मशिनवर. गेमचा अपडेट आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचा. टेक्केन शंभर जीबीच्या घरातला गेम आहे, हॉलच्या नेटवर त्याचा पॅच उतरेस्तोवर पुढचं कन्व्हेन्शन येईल. आणि पैसे देऊन घ्यायची पात्रं सगळ्या मशिनांवर घेतलेली हवीत, एखाद्याचं मुख्य पात्रच नसेल तर तो कशाला येईल?

इथल्या गेम बनवणाऱ्यांबद्दल थोडक्यात. पुण्यात बनलेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला तेव्हापासून महाराष्ट्रात गेम बनतात हे सांगावं लागत नाही. अशा छोट्या चमूंना टेबल देताना दोन प्लग, एक पडदा आणि मुख्य स्टेजच्या स्पीकरकडे पाठ, एवढं द्या. हेडफोन ते आणतील.

राहिले चित्रकार. टेबलाचं भाडं दोन दिवसांचं दहा हजार धरा. दीडशेच्या ए-फोर प्रिंटवर कागद, छपाई, पाकीट यांत चाळीस जातात, उरतात एकशे दहा. नुसतं भाडं निघायला ९१ प्रिंट विकायला हव्यात. हॉल दोन दिवसांत सोळा तास उघडा धरला तर तासाला सहा, त्यानंतरचा पहिला रुपया स्वतःचा. आणि हे सगळं यूपीआयवर. दुपारी एकनंतर हॉलमधलं मोबाइल नेटवर्क गुडघे टेकतं. गिऱ्हाईकाचं चाक गोल फिरत राहतं, साउंडबॉक्स त्याच नेटवर्कवर असल्यामुळे मुका, पैसे कापले गेले की नाही कुणालाच ठाऊक नाही, आणि मागची चार माणसं कंटाळून पुढे जातात. टेबलवाल्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा, नाव आणि पासवर्ड टेबलाच्या पावतीवर छापा, आणि तो पासवर्ड प्रायोजकांच्या माणसांना देऊ नका, ते त्यावर रील चढवतात. शिवाय दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटांचा एक काउंटर. जत्रेत प्रत्येक पाळण्यापाशी सुटे असतात, इथेच का नसावेत.

टेबलांना वरचा उजेड हवा. हॉलचे दिवे इतके उंच असतात की मागच्या जाळीवर लावलेल्या प्रिंटवर विकणाऱ्याचीच सावली पडते. जाळीला क्लिपने अडकवायचे दोन दिवे आणि त्यासाठी एक प्लग. पुन्हा प्लगच, हे आमच्याही लक्षात आलंय.

यातलं काही खर्चिक आहे, बहुतेक नाही. प्रॉप तपासायला चार टेबलांवर आठ माणसं लागतात. ती आम्ही देतो, सकाळी नऊ ते बारा, दोन्ही दिवस, पासाखेरीज काही न मागता. दारावरच्या कागदासाठी ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’चे फोटोही काढून देतो. टेक्केनचं वेळापत्रक आखून हवं असेल तर नोंदणीचा आकडा आणि मशिनांची संख्या कळवा, त्याच रात्री पाठवू.

कळावे,

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतले काही कॉस्प्लेयर, गेमर आणि टेबल मांडणारे चित्रकार

ता. क. बॅग तपासताना पाण्याच्या बाटल्या काढून घेता तेव्हा स्ट्रॉ तरी राहू द्या. मुखवटा आणि प्रॉस्थेटिक चिकटवलेल्या माणसाला बाटली तोंडाला लावता येत नाही, आणि आतल्या स्टॉलवर वीस रुपयांचं पाणी मिळतं, स्ट्रॉ मिळत नाही.